पिक्चरकाका

पिक्चरकाका कुणाकडे काहीही फेकत नसत. गाडीची किल्ली असो, पाण्याची बाटली असो, साधं संत्रं असो. आपण दहा पावलांवर हात पुढे करून उभे असलो तरी ते चालत यायचे आणि ती वस्तू आपल्या तळहातावर नीट ठेवायचे. एकदा माझ्या नवऱ्याने, हेमंतने, टायर बदलताना सवयीने पाना त्यांच्याकडे भिरकावला. काका झेलायला गेले नाहीत, बाजूला झाले. पाना वाळूत पडल्यावर तो उचलला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, "साहेब, हातात द्यायचं. फेकायची वस्तू नाय ती." या माणसाने एके काळी परदेशात फक्त फेकण्याचा पगार घेतला होता, यावर कोण विश्वास ठेवणार?

त्यांचं खरं नाव दत्तात्रय. गाव फलटणजवळचं. हेमंतची कंपनी शेतीचे पंप पुरवते, त्यामुळे तो ओमानच्या किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याला एका लिंबाच्या बागेत गेला होता. तिथे ओमानी मालकाच्या हाताखाली पाण्याची सगळी व्यवस्था पाहणारा सुपरवायझर मराठी निघाला. हेमंत त्याला पुढच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मस्कतला मदिनत सुलतान काबूसमधल्या आमच्या घरी जेवायला घेऊन आला. बेताच्या उंचीचा, रुंद खांद्यांचा, चाळिशीतला माणूस. हातात लिंबांची पिशवी. अंगणात आमची सई, तेव्हा अकरा वर्षांची, टेनिसचा चेंडू भिंतीवर मारत होती. हे गृहस्थ चप्पल काढता काढता थांबले आणि पाहुण्याची ओळख वगैरे व्हायच्या आधीच मला म्हणाले, "वैनी, पोरीचा हात चांगला हाय, पन पाय चुकतोय."

जेवताना कळलं, की शाळेत ते सॉफ्टबॉल खेळायचे. आमच्याकडे पुण्यात ज्या खेळाचं नाव फक्त ग्रेस मार्कांच्या यादीत ऐकलं होतं, तो खेळ त्यांच्या तालुक्यात पोरं जीव तोडून खेळत. तिथून बेसबॉल, मग भारताचा संघ, आणि परदेशातल्या एका स्पर्धेत एका जपानी प्रशिक्षकाने त्यांचा डावा हात हेरला. जपानातल्या एका लहान शहराच्या व्यावसायिक संघाने त्यांना करारावर घेतलं. पिचर म्हणून. क्रिकेटमधला बोलर म्हणा, फक्त चेंडूला टप्पा नाही. तो सरळ हवेतून बॅटरच्या अंगाशेजारून जातो. दोन सीझन खेळले. "मग?" मी विचारलं. "मग सोडलं," ते म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

नाव पडलं ते गणपतीत. मंडळाच्या कार्यक्रमात हेमंतने माइकवरून सांगितलं, की हे दत्तात्रयभाऊ जपानमध्ये पिचर होते. स्पीकर खरखरत होता. आमच्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद अण्णा, त्यांना ऐकू आलं, "जपानमध्ये पिक्चरमध्ये होते." प्रसादाच्या रांगेत त्यांनी काकांना गाठलं. "कुठल्या पिक्चरमध्ये होता हो?" काका घाबरून म्हणाले, "नाय ओ, बेसबॉल." अण्णा म्हणाले, "हां, खेळावरचा असणार." पोरं फिदीफिदी हसली आणि त्या दिवसापासून ते सगळ्या मस्कतच्या मराठी मंडळींचे पिक्चरकाका झाले. त्यांनी कधी दुरुस्ती केली नाही.

माझा शुक्रवारी सकाळी घरी मुलांचा मराठीचा वर्ग असे. भारतीय शाळेत जाणारी ही मुलं आपापसात इंग्रजीच बोलतात. माझ्या वर्गात ती 'मी पडला' आणि 'ती गेलो' करत तासभर कशीबशी काढत. काकांनी विचारलं, वर्ग संपल्यावर पोरींना मागच्या मोकळ्या मैदानावर नेऊ का? मुलगे क्रिकेटला जात, पोरी नुसत्या बसून राहत, हे त्यांनी पाहिलं होतं. मी हो म्हटलं. तेव्हापासून दर शुक्रवारी दोन तास गाडी चालवून ते खाबुऱ्याहून यायचे. येताना काकड्या, लिंबं, कधी कोवळी भेंडी. आल्या आल्या चुन्याने मैदानावर रेघा आखायचे, एवढ्या सरळ, की माझ्या फळ्यावरच्या ओळींची मला लाज वाटावी.

"पाय आधी, हात मागनं," हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं सूत्र. पोरी चेंडू टाकताना ते त्यांच्या हाताकडे बघतच नसत, पावलांकडे बघत. बॅटिंगला उभ्या राहिलेल्या मुलीला सांगायचे, "हात खोटं बोलतोय, पाय बोलत नाय. समोरचीचा पाय कुठं पडतोय ते बग, चेंडू तिकडंच येनार." दुसरं आवडतं वाक्य चोरीबद्दल. बेसबॉलमध्ये पिचरचं लक्ष चुकवून पुढच्या टप्प्यावर पळता येतं, त्याला स्टीलिंग म्हणतात. काका सांगत, "इथं चोरीला परवानगी हाय. पन समद्यांच्या डोळ्यांदेखत करायची." पोरी जोरजोरात ओरडायच्या, "काका, मी चोरी केली! मी चोरी केली!" शेजारच्या बंगल्यातल्या गुजराती काकू एकदा काळजीने बघायला आल्या होत्या. माझ्या वर्गात जे साधलं नाही ते मैदानावर साधलं. त्या पोरी मराठी बोलू लागल्या. फलटणचं बोलू लागल्या, ही गोष्ट वेगळी. सईने एकदा आजीला पुण्यात फोनवर सांगितलं, "आजी, आज लई ऊन हाय." आजी म्हणाली, "फोन आईकडे दे."

पण एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती. काका बॅटने चेंडू मारून द्यायचे, झेल शिकवायचे, पळायला शिकवायचे. स्वतः चेंडू कधी टाकत नसत. पोरीच एकमेकींना टाकत. मंडळाच्या क्रीडादिनाला डबे पाडायचा खेळ होता. अण्णांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, "आता आपले पिक्चरकाका आपली जपानी कला दाखवतील!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या हातात चेंडू दिला. त्यांनी तो क्षणभर धरला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मला जमायचं नाय." कुणीतरी हसलं. परतताना अण्णा मला म्हणाले, "अहो, पंपावरचा माणूस. जपानला काय जातोय? फोटो तरी पाहिलाय का कुणी?" मी काकांची बाजू घ्यायला हवी होती. घेतली नाही, कारण फोटो मीही पाहिला नव्हता आणि शंका मलाही आली होती.

सई तेरा वर्षांची झाली त्या थंडीत आमच्या सात पोरींची पहिली खरी मॅच ठरली, एका दुसऱ्या शाळेच्या सात मुलींशी. त्यांची पिचर उंच होती आणि जोरात टाकायची. आमच्या पोरींनी एवढा वेगवान चेंडू कधी पाहिलाच नव्हता. एकेक जण बॅट घेऊन जायची आणि चेंडू सुटला की डोळे मिटून मागे सरायची. एकही धाव झाली नाही. मॅच संपल्यावर काका पाण्याच्या बाटल्या वाटत होते, नेहमीप्रमाणे प्रत्येकीच्या हातात. सईने बाटली घेतली नाही. "काका, तुम्ही आम्हाला कधीच फास्ट टाकत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज रडका होता. "आम्ही घाबरलो कारण तुम्ही घाबरता!"

मी तिला ओरडले. काका म्हणाले, "नका रागावू, वैनी." त्यांनी बाटल्यांचा खोका गाडीत ठेवला आणि ते गेले. पुढच्या शुक्रवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलत नव्हते. तिसऱ्या शुक्रवारी हेमंत आणि मी सकाळीच गाडी काढून खाबुऱ्याला गेलो.

काका पंपाच्या खोलीत होते. आम्हाला बघून ओशाळले, बाहेर लिंबाच्या सावलीत खुर्च्या मांडल्या, चहा केला. मी सईच्या वतीने माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "पोरगी खरं बोलली," ते म्हणाले. मग आत गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात पोस्टकार्डं होती, जपानी तिकिटांची. एका माणसाची, दर नव्या वर्षाला एक.

"हा मोरी. आडनाव हाय त्याचं. आपल्याकडं पोरं हसतील. बॅटर होता, समोरच्या टीमचा. माझा दुसरा सीझन चालू होता. त्या दिवशी त्यानं माझे दोन चेंडू पार कुंपनाबाहेर घातलेले. तिसऱ्या वेळी आला. बॅटरच्या मागं बसलेल्या आमच्या कॅचरनं खूण केली, लांब टाक. मी मान हलवली. म्हनलं, नाय. आन् आत टाकला. तोंडाजवळनं." पंपाचा आवाज येत होता. "हेल्मेट असतंय, पन गालाला काय नसतंय. डावा डोळा गेला त्याचा."

हेमंत म्हणाला, "भाऊ, खेळात सुटतो चेंडू."

"समदे तेच म्हनले. रिपोर्टातबी तेच लिवलं, सुटला." काकांनी आमच्याकडे पाहिलं. "सुटला नव्हता, साहेब. मी सोडला होता. मारायचा नव्हता. पन घाबरवायचा होता."

पुढचं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. चौथ्या दिवशी ते हॉस्पिटलात गेले. मोरीच्या तोंडाला पट्ट्या होत्या. त्याने यांचा हात शोधून धरला आणि म्हणाला, असं होतं, तू मनाला लावून घेऊ नकोस, खेळ. "त्याला वाटलं, सुटला. तवाच सांगायला पायजे होतं. तोंडच उघडंना. माफी त्यानं दिली, पन कशाची देतोय ते त्याला ठाऊक नव्हतं. असली माफी अंगाला लागत नाय, वैनी." नंतर त्यांचा हात ऐकेनासा झाला. चेंडू टाकायला गेले की बॅटरपासून दोन-दोन हात लांब जायचा. सीझन संपल्यावर करार संपला. गावात सांगितलं, खांदा दुखावला. बायकोला मात्र खरं सांगितलं होतं. तिला आणि आता आम्हाला.

मी एक पोस्टकार्ड उचललं. इंग्रजीत एकच ओळ होती, बहुधा मुलीकडून लिहून घेतलेली. 'अजून टाकतोस ना?' दुसरं उचललं, तेच. सगळ्यांवर तेच.

"काय उत्तर लिवू?" काका म्हणाले.

निघताना मी एवढंच म्हटलं, की पोरी दर शुक्रवारी मैदानावर जाऊन बसतात. रेघा पुसल्या गेल्यात. हेमंतने गाडी वळवली तेव्हा ते तिथेच डबा घेऊन उभे होते.

पुढच्या शुक्रवारी माझा वर्ग सुटायच्या आधीच मैदानावर रेघा आखलेल्या होत्या. काकांनी सातही पोरींना मातीत बसवलं आणि आम्हाला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, एक शब्दही कमी न करता. मला वाटलं होतं, मुलांसमोर ते 'सुटला' म्हणतील. नाही म्हणाले. पोरी टक लावून ऐकत होत्या. शेवटी सईने विचारलं, "काका, मग तुम्ही मोरीअंकलना खरं कधी सांगणार?" काका म्हणाले, "बगू." सई म्हणाली, "बगू म्हणजे नाही. आई बगू म्हणते तेव्हा नाहीच असतं." मग काकांनी एकेका मुलीच्या आईला, जी हजर होती तिला समोर, नसेल तिला फोनवर, विचारलं, "मी टाकू का?" सगळ्यांचा होकार आल्यावर त्यांनी चेंडू उचलला.

हेमंतने तोंडावर जाळी असलेली हेल्मेटं मागवून ठेवली होती. पोरींना त्या वेगाचा झेल घेणं जमणार नव्हतं, म्हणून मोठा ग्लोव्ह घालून तोच मागे बसला. सई बॅट घेऊन उभी राहिली. पहिला चेंडू तिच्यापासून इतका लांब गेला, की शेजारच्या भिंतीवर आपटला. दुसराही. तिसराही. काका घामाने भिजले होते. प्रत्येक चेंडूनंतर स्वतः चालत जाऊन तो आणत होते. कुणी हसलं नाही. सकाळच्या फेरीला निघालेले अण्णा रस्त्याच्या कडेला येऊन थांबले होते, तेही नाही. मला वाटलं, पुरे, थांबवावं. तेवढ्यात सई ओरडली, "काका, मी हलत नाय! टाका!"

त्यानंतरचा चेंडू मी पाहिला नाही. कुणीच पाहिला नाही. काकांचा पाय पडला, खांदा फिरला आणि हेमंतच्या ग्लोव्हमध्ये फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. हेमंत पाठीवर पडला. चेंडू सईच्या छातीसमोरून, जिथून जायला हवा तिथूनच गेला होता. ती हलली नव्हती. डोळेही मिटले नव्हते. काका दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकले. पोरी धावत जाऊन त्यांना बिलगल्या. अण्णांनी काही विचारलं नाही. पुढच्या शुक्रवारी मात्र ते थर्मासभर चहा घेऊन आले, काकांना स्वतः ओतून दिला आणि खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसले. हेमंतचा तळहात तीन दिवस लाल होता. ऑफिसात तो येईल त्याला दाखवत होता.

दुसरी मॅचही पोरी हरल्या. पण यावेळी पाच धावा केल्या, त्यातल्या दोन सईच्या, आणि एकही मुलगी डोळे मिटून मागे सरली नाही. परतताना गाडीत त्या अशा गात होत्या, की हरलेला संघ कोणता ते कळू नये.

काकांचं जाणं मात्र आमच्या कुणाच्या हातात नव्हतं. किनाऱ्याकडच्या विहिरींचं पाणी वर्षावर्षाला खारं होत चाललं होतं. काकांनी ठिबकच्या नळ्या बदलल्या, पाण्याच्या वेळा बदलल्या, पंप अर्धाच चालवून पाहिला. झाडांची पानं कडेने करपतच राहिली. शेवटी एके दिवशी त्यांचा अर्बाब, म्हणजे मालक, सत्तरीचा म्हातारा, बागेतून त्यांच्याबरोबर एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "खलास, दत्ता." बाग सोडायची, नोकरी संपली, व्हिसाही. "म्हातारा रडला ओ," काका सांगत होते. "बापानं लावलेली झाडं होती त्याच्या. मी म्हनलं, अर्बाब, चूक पान्याची हाय, तुमची नाय. तर मलाच धीर द्यायला लागला. इन्शाल्ला, इन्शाल्ला म्हनत."

आम्ही विमानतळावर पोचवायला गेलो. सातही पोरी होत्या, अण्णाही. काकांचं सामान एक बॅग आणि तो पत्र्याचा डबा. हेमंतने तिकीट पाहिलं आणि चमकला. मुंबईचं नव्हतं.

"बायको म्हनली, घरी नंतर या. आधी तिकडं जाऊन या," काका म्हणाले. "मोरीला कळवलंय. त्याचं गाव ओसाकाजवळ हाय. कांदा पिकवतोय आता."

"जाऊन काय बोलणार?" मी विचारलं.

"ठाऊक नाय. नायच जमलं तर कांद्याचं बोलू."

सईने त्यांना वाकून नमस्कार केला. ते मी तिला शिकवलं नव्हतं. काकांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि वळले.

पाच दिवसांनी त्यांचा निरोप आला, फोनवर बोलून पाठवलेला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे राहून ऐकला. मागे वारा होता आणि कुणीतरी जपानीत हसत होतं.

"वैनी, सांगितलं त्याला. पहिल्याच दिवशी, चहाच्या आधी. त्याची पोरगी मधी बसून माझं बोलनं त्याला समजावत होती, तीबी रडाय लागली. तो हसला. म्हनला, मला ठाऊक होतं. सुटलेला चेंडू कोनचा आन् सोडलेला कोनचा, ते बॅटरला कळतंय. म्हनला, तू कवा सांगतोस, त्याची वाट बघत होतो, म्हनून कार्डं टाकत होतो." सईने फोनचा आवाज वाढवला. "मग त्यानं मला रान दाखवलं. लई मोठं हाय. त्याला डाव्या बाजूचं दिसत नाय, पाट आला की अडखळतोय. म्हनून दोन दिवस मी त्याच्या डाव्या अंगानंच चाललो, वैनी. पाट आला की सांगत होतो, आन् तो माझ्या खांद्यावर हात ठेवून पाय टाकत होता."